पेशी जिवंत आहे हे ओळखायचे कसे: तळ्याचे पाणी, यीस्ट आणि शाळेतला सूक्ष्मदर्शक

तळ्याच्या पाण्याचा थेंब भिंगाखाली ठेवला आणि काहीतरी थरथरताना दिसले, की पोरांची पहिली आरोळी ठरलेली: जिवंत आहे! पुष्कळदा तो चिखलाचा कण असतो. पाण्याचे रेणू चहूबाजूंनी आदळत राहतात आणि एक-दोन मायक्रॉनचा कोणताही कण जागच्या जागी थरथरतो. रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये परागकणांतून बाहेर पडलेल्या सूक्ष्म कणांत ही थरथर पाहिली. मग त्याने दगडाची पूड पाण्यात घालून पाहिली, तीही तशीच थरथरली. हलणे म्हणजे जगणे नव्हे, हे त्या दुसऱ्या निरीक्षणाने ठरले, पहिल्याने नाही.

वाढीचेही तेच. आगरवाड्याच्या मिठागरात मिठाचा खडा दिवसागणिक मोठा होतो, त्याला कोणी सजीव म्हणत नाही. वायू सुटण्याचेही तेच, कारण खायचा सोडा आणि व्हिनेगर मिसळले तरी फुगा फुगतो. एकेक लक्षण सुटे घेतले तर कुठले ना कुठले निर्जीव उदाहरण त्याला खोटे पाडते.

टिकते ते एवढेच: जिवंत पेशी आपल्या आतले वातावरण बाहेरच्याहून वेगळे राखते, आणि हा फरक टिकवण्यासाठी सतत ऊर्जा खर्च करते. खर्च थांबला की फरक पुसला जातो. खाणे, पाणी उपसणे, विभागणे ही सगळी कामे या एका गोष्टीभोवती फिरतात. म्हणून खालच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगात दोन नमुने शेजारी शेजारी ठेवायचे: एक जिवंत आणि एक मुद्दाम मारलेला. जे दोघांत सारखे दिसते ते जीवनाचे लक्षण नाही. शाळेच्या प्रदर्शनांत हा मेलेला नमुनाच गाळलेला असतो, आणि मग बाकीचा थाटमाट फुकट जातो.

पाणी कुठून आणावे

गोव्यात याची वाण नाही. मये किंवा करमळीच्या तळ्याचा झाडोरा असलेला काठ, भातशेतातले साचलेले पाणी, देवळाच्या तळीतले शेवाळ, यांपैकी काहीही चालते. मधले स्वच्छ पाणी घेऊ नका. कुजणारी पाने, पाणवनस्पतींची देठे आणि त्यांवरचा बुळबुळीत थर यांत जीव जास्त असतात. रुंद तोंडाच्या बरणीत अर्धी बरणी पाणी, मूठभर कुजकी पाने आणि चमचाभर तळचा गाळ घ्या. अर्धी बरणी हवेसाठी रिकामी सोडा. तोंडोतोंड भरून झाकण घट्ट लावलेल्या बरणीतला प्राणवायू संपतो आणि घरी पोचेपर्यंत निम्मे जीव गेलेले असतात.

खाजनातले (खाडीकाठची बांध घातलेली सखल शेते) किंवा मानशीजवळचे (बांधातले पाण्याचे दार) पाणी वेगळ्या बरणीत ठेवा. मे महिन्यात खाडीचा खारटपणा खूप आतपर्यंत चढतो आणि पावसाळ्यात तेच पाणी जवळजवळ गोडे होते, त्यामुळे एकाच जागी दोन ऋतूंत निरनिराळे जीव मिळतात. खाऱ्या नमुन्यात विहिरीचे पाणी ओतले तर त्यातले बरेचसे जीव फुगून फुटतात. कारण पुढे येईल.

पावसात शेताच्या पाण्यात अनवाणी उतरू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नको. उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच पाण्यातून अंगात शिरतो. नमुना नाकातोंडाजवळ नेऊ नये आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. आणि बरणीचे तोंड मलमलीच्या दुहेरी फडक्याने दोऱ्याने आवळून बांधा. आणलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या असतातच. उघडी बरणी आठवड्याभरात खोलीत डास सोडते, आणि डेंगीच्या दिवसांत हे परवडणारे नाही.

वाढवणे

थेट तळ्याच्या थेंबात पॅरामेशिअम (चपलेच्या आकाराचा एकपेशीय जीव) सापडेलच असे नाही. त्याला वाढवावे लागते. १० ग्रॅम सुका भाताचा पेंढा बोटभर लांबीचे तुकडे करून १ लिटर पाण्यात १५ मिनिटे उकळा. पाणी विहिरीचे किंवा पावसाचे असावे. नळाचे असेल तर रुंद भांड्यात २४ तास उघडे ठेवून क्लोरीन उडू द्या. काढा गार झाल्यावर फडके बांधून दोन दिवस तसाच ठेवा. तो गढूळ होतो, म्हणजे त्यात जिवाणू वाढलेले असतात, आणि पॅरामेशिअमचे अन्न तेच. मग त्यात १०० मिलिलिटर तळ्याचे पाणी थोड्या गाळासकट घाला आणि ऊन न लागणाऱ्या पण उजेडाच्या जागी ठेवा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत फक्त बारीक कशाभिकाधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणारे) जीव दिसतात. पॅरामेशिअमची गर्दी साधारण आठवड्याने होते, आपल्याकडच्या उकाड्यात कधी त्याआधीही. ड्रॉपरने पृष्ठभागाच्या सायीखालचा थेंब उचला, ते तिथे जमतात. काळ्या कागदासमोर बरणी धरून बाजूने टॉर्च मारला तर पांढरे ठिपके सरकताना नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

बरणीला कुजक्या अंड्याचा वास आला तर अन्न जास्त झाले आणि प्राणवायू संपला असे समजा. तृतीयांश पाणी काढून तेवढेच ताजे घाला. पेंढा अंदाजाने मूठभर टाकला की हटकून हेच होते. शेतात औषध मारलेले असेल तर त्या पेंढ्यात काहीच वाढत नाही. मग पेंढा सोडून १०० मिलिलिटर पाण्याला उकडलेल्या तांदळाचे चार दाणे घाला.

पहिली पाहणी

दहाच्या भिंगाने आणि दहाच्या आयपीसने साधारण १.८ मिलिमीटर रुंदीचे क्षेत्र दिसते. पॅरामेशिअम कॉडेटम हा सुमारे ०.२ ते ०.३ मिलिमीटर लांब, म्हणजे क्षेत्राच्या सहाव्या ते नवव्या भागाएवढा. तो सेकंदाला मिलिमीटरभर पोहतो, त्यामुळे दोन सेकंदांत क्षेत्राबाहेर जातो आणि पाहणारा वैतागतो. स्लाइडवर कापसाचे चारपाच तंतू विस्कटून पसरा, त्यावर थेंब टाका आणि मग कव्हरस्लिप ठेवा. तंतूंच्या जाळीत तो अडकतो आणि एका जागी घोटाळत राहतो. दोन टक्क्यांचे मिथाइल सेल्युलोज (पाणी दाट करणारा पदार्थ) हाताशी असेल तर त्याचा एक थेंब याहून चांगले काम करतो. कव्हरस्लिपच्या कडेने व्हॅसलिनची पातळ रेघ ओढली तर थेंब अर्धा-पाऊण तास सुकत नाही. ही रेघ विसरू नका, पुढचे एक मोजमाप तिच्यावर अवलंबून आहे.

आता मेलेला नमुना. परीक्षानळीत २ मिलिलिटर पाणी ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाच मिनिटे बुडवा. उकळते आणि साधे पाणी सारखे मिसळले की साधारण एवढे तापमान येते. थर्मामीटरने खात्री करा. उकळू नका, उकळले की आकारच मोडतो. मारलेल्या पॅरामेशिअमच्या पक्ष्माभिका (पोहण्याचे केसांसारखे तंतू) थांबलेल्या असतात आणि तो हळूहळू तळाशी बसतो. जिवंत नमुना अरुंद नळीत भरून उभा ठेवला तर १५-२० मिनिटांत बहुतेक जण वरच्या टोकाला जमतात. पाण्याहून जड असूनही ते वर राहतात, म्हणजे कोणीतरी सतत वल्ही मारते आहे. दोन्ही नळ्या शेजारी धरा, बाकीचे सांगायला लागत नाही.

चारशेपट वाढवल्यावर दिसणारे जिवाणू मात्र फसवतात. नुसती थरथर असेल तर कण आहे असे धरा. एका दिशेने पंधरा-वीस मायक्रॉन सरळ जाऊन जो वळतो तो पोहतो आहे. सगळे एकाच दिशेला वाहत असतील तर कव्हरस्लिपखाली प्रवाह आहे, एका मिनिटाने पुन्हा पाहा.

सीमा: तांबडी भाजी

पेशीचे पटल जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाडीचे असते, शाळेच्या कुठल्याही भिंगाखाली ते दिसत नाही. पण ते शाबूत आहे की नाही हे स्वयंपाकघरात कळते. तांबड्या भाजीचे (लाल माठाचे) जून, लालबुंद देठ घ्या. त्यांचा लाल रंग पेशींतल्या रिक्तिकेत (पटलाच्या थैलीत) कोंडलेला असतो आणि तो पाण्यात सहज विरघळणारा असतो. म्हणजे पाण्यात पडलेल्या देठातून रंग बाहेर यायला हवा, पण तो येत नाही.

धारदार पातीने १ सेंटिमीटरचे वीस तुकडे करा आणि धुवणाचे पाणी नितळ होईपर्यंत वाहत्या पाण्यात धुवा. सुरीने कापलेल्या पेशींतला रंग इथे निघून जातो. हे धुणे टाळले तर सगळेच पेले लाल होतात आणि प्रयोग वाया जातो. मग चार चार तुकडे ३०, ४५, ५५ आणि ६५ अंशांच्या पाण्यात बरोबर पाच मिनिटे ठेवा, उरलेले चार रात्रभर फ्रीझरमध्ये. मग प्रत्येक गट २० मिलिलिटर साध्या पाण्यात १५ मिनिटे ठेवून पेले पांढऱ्या कागदावर मांडा. ३० चे पाणी जवळजवळ बिनरंगी राहते. कुठेतरी ५० च्या पुढे रंग एकदम वाढतो, कारण पटलातली प्रथिने बिघडतात आणि स्निग्ध थर सैल पडतो. फ्रीझरवाल्या तुकड्यांतून सगळ्यांत जास्त रंग येतो, कारण बर्फाच्या सुयांनी पटल फाटलेले असते. भाजी परतताना कढईत लाल पाणी सुटते ते तापाने पटल बिघडल्यामुळे.

भाजीचा देठ म्हणजे एक पेशी नव्हे, हे खरे. पण पटल एकपेशीयाचेही असेच असते आणि इथे भिंगही लागत नाही.

यीस्ट: निळे आणि बिनरंगी

पोदेर (गोव्यातले पाववाले) पूर्वी पावाच्या पिठाला माडाची सूर (ताडी) घालत, आता बहुतेक ठिकाणी बाजारातले यीस्ट असते. दोन्ही चालतात. सुरेत इतर जिवाणूही दिसतात, म्हणून सुरुवात बेकरीच्या यीस्टने करा. ५ ते १० मायक्रॉनच्या या पेशी चारशेपट स्वच्छ दिसतात.

१ ग्रॅम सुके यीस्ट १०० मिलिलिटर कोमट पाण्यात (३५ ते ३८ अंश) अर्धा चमचा साखरेसह १५ मिनिटे ठेवा. फ्रीजच्या गार पाण्यात भिजवले तर मेलेल्या पेशींचे प्रमाण बरेच वाढते. सुकलेले पटल पाणी शोषून पुन्हा नीट जुळेपर्यंत गळके असते, आणि थंडीत ते जुळायला वेळ लागतो. तेवढ्यात आतला माल बाहेर निघून जातो.

मिथिलीन ब्लू हा निळा रंग १०० मिलिलिटर पाण्यात १० मिलिग्रॅम हवा. माशांच्या दुकानात मिळणारे द्रावण याच्या कितीतरी पट तीव्र असते. बाटलीवरची टक्केवारी पाहून पातळ करा: १ टक्का असेल तर १ मिलिलिटरला ९९ मिलिलिटर पाणी. यीस्टचा एक थेंब आणि रंगाचा एक थेंब मिसळून पाच मिनिटे थांबा, मग पाहा. मेलेली पेशी गडद निळी दिसते. जिवंत पेशीत रंग एक तर फारसा शिरत नाही, आणि शिरला तरी तिच्या चालू चयापचयामुळे बिनरंगी होतो. इथे एकाच वेळी दोन गोष्टी तपासल्या जातात, दार बंद आहे का आणि आत चूल पेटलेली आहे का.

मेलेल्या नमुन्यासाठी तेच यीस्ट पाच मिनिटे उकळा. त्यातल्या सगळ्या पेशी निळ्या व्हायला हव्यात. झाल्या नाहीत तर रंग फार फिका आहे किंवा तुम्ही घाई केली, आणि जिवंत नमुन्यातले आकडेही मग धरता येत नाहीत. उलट दहा मिनिटांहून जास्त वेळ काढला तर रंग स्वतःच विषारी ठरतो आणि धडधाकट पेशीही निळ्या पडू लागतात. किमान २०० पेशी मोजा. फुटवा (आईपेशीला फुटलेली नवी पेशी) आईच्या निम्म्याहून मोठा असेल तर वेगळी पेशी, लहान असेल तर आईतच धरा. फिकट निळ्या पेशींचे काय करायचे ते मोजण्यापूर्वी ठरवा. मोजताना ठरवले की आकडे आपल्या मनासारखे येऊ लागतात.

फुग्याचा प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो: २ ग्रॅम यीस्ट, ५ ग्रॅम साखर, १०० मिलिलिटर कोमट पाणी, बाटलीच्या तोंडाला फुगा. शेजारी उकळलेल्या यीस्टची बाटली ठेवली तरच त्याला अर्थ आहे.

खाणे

या प्रयोगात पेशीच्या आतले आम्ल डोळ्यांना दिसते. ३ ग्रॅम यीस्ट आणि ३० मिलिग्रॅम काँगो रेड (आम्लात निळा होणारा लाल रंग) १० मिलिलिटर पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटे उकळा आणि गार करा. काँगो रेडची पूड आरोग्याला घातक आहे. हातमोजे घालून शिक्षकांनीच ती तोलावी, मुलांच्या हाती तयार द्रावण द्यावे. टाचणीच्या टोकावर मावेल एवढेच हे मिश्रण पॅरामेशिअमच्या थेंबात मिसळा. जास्त घातले तर लाल यीस्टच्या ढिगात पॅरामेशिअम दिसेनासा होतो, आणि लोक करतात ते नेमके हेच.

दोन-तीन मिनिटांत तोंडाच्या खाचेतून लाल कण आत जाऊन त्यांचे गोल पुंजके बनू लागतात, त्या अन्नरिक्तिका. त्यांतली एक धरून तिच्यावरच नजर ठेवा. ती सुटी होऊन पेशीभर फिरू लागते आणि काही मिनिटांत लालाची जांभळी, मग निळी होते. काँगो रेड पीएच ५ च्या वर लाल असतो आणि ३ च्या खाली निळा, म्हणजे पेशीने त्या रिक्तिकेत आम्ल ओतले. पुढे ती पुन्हा केशरी-लाल होते: आम्ल कमी झाले, पाचक रस कामाला लागले. एकाच पेशीत एका वेळी लाल, जांभळ्या आणि निळ्या रिक्तिका दिसल्या तर नमुना उत्तम जमला. ६० अंशांना मारलेल्या नमुन्यात लाल यीस्ट पॅरामेशिअमच्या भोवती पडून राहते, आत पुंजके बनत नाहीत. बाहेरून चिकटलेले कण आत गेले असे वाटू शकते. फोकस वर-खाली करा, आतली रिक्तिका आणि पृष्ठभागावरचा कण एकाच पातळीवर स्पष्ट होत नाहीत.

पाणी उपसणे

वेळ एकाच प्रयोगापुरता असेल तर हा करा.

गोड्या पाण्यातल्या पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त क्षार आणि इतर पदार्थ विरघळलेले असतात. परासरणाने, म्हणजे पटलातून पातळ बाजूकडून दाट बाजूकडे, पाणी सतत आत शिरते. ते बाहेर फेकले नाही तर पेशी फुगून फुटते. पॅरामेशिअममध्ये यासाठी दोन्ही टोकांना एकेक आकुंचनशील रिक्तिका असते. तिच्याभोवती चांदणीसारख्या नळ्या पाणी गोळा करतात, गोल थैली भरते आणि पटकन रिकामी होते. मग पुन्हा भरणे सुरू. या उपशाला ऊर्जा लागते.

कापसात अडकलेला, शांत पडलेला पॅरामेशिअम निवडा. कव्हरस्लिपच्या कडेला टिपकागद लावून थोडे पाणी काढले तर तो हलका दाबला जातो आणि स्थिर होतो. पण दाब एवढाच ठेवा की पक्ष्माभिका चालू राहतील. चारशेपट वाढवून एकच थैली पकडा आणि लागोपाठ पाच वेळा रिकामी व्हायला लागणारा वेळ स्टॉपवॉचने मोजा. एका फेरीला साधारण १० ते २० सेकंद लागतात. तापमानावर हे खूप बदलते, म्हणून सगळी मोजमापे एकाच बैठकीत, एकाच दिव्याखाली करा. जुना पिवळा बल्ब स्लाइड तापवतो आणि पाच मिनिटांत वेग वाढलेला दिसतो. मोजत नसताना दिवा बंद ठेवा.

आता मीठ. १०० मिलिलिटर पाण्यात अर्धा ग्रॅम मीठ म्हणजे अर्धा टक्का. त्याचा एक थेंब आणि नमुन्याचा एक थेंब मिसळला की पाव टक्का होतो. पाच मिनिटे थांबा आणि पुन्हा मोजा. फेरी लांबते, कारण बाहेरचे पाणी खारट झाल्यामुळे आत शिरणारे पाणी कमी झाले. उलट नमुन्याच्या थेंबात पावसाच्या पाण्याचे तीन थेंब घातले तर फेरी आखूड होते. १ टक्का मिठात पेशी आकसते आणि थैली थांबते, म्हणजे तिथे आपण तिला मारतो आहोत.

कोणी शंका काढेल की हा मिठाच्या विषाचा परिणाम असेल. मग साखर वापरा. पाव टक्का मिठाएवढा परासरणी दाब साधायला सुमारे ३ टक्के साखर लागते, म्हणून ६ टक्क्यांच्या साखरपाण्याचा एक थेंब आणि नमुन्याचा एक थेंब. फेरी लांबण्याचे प्रमाण बऱ्यापैकी जुळते. पेशीला फरक पडतो तो मुख्यतः किती कण विरघळले आहेत याचा.

व्हॅसलिनची रेघ नसेल तर कडेने पाणी उडते, थेंब आपोआप खारट होत जातो आणि साध्या पाण्यातली फेरीही लांबत जाते. मीठ न घातलेल्या स्लाइडचे आधीचे आणि नंतरचे आकडे जुळत नसतील तर चूक इथे शोधा.

खाजनातल्या खाऱ्या बरणीकडे आता परत या. समुद्री एकपेशीयांपैकी अनेकांत हा पंप नसतो किंवा अगदी मंद चालतो, कारण ३५ ग्रॅम प्रतिलिटर खारटपणात पाणी आत घुसण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. म्हणून विहिरीचे पाणी त्यांना फोडते. मिठागरांतला ड्युनालिएला (एकपेशीय शैवाल) तिसरीच युक्ती करतो: त्याला टणक भित्तिका नसते, पण तो आत ग्लिसरॉल साठवून बाहेरच्या खारटपणाशी बरोबरी करतो. खारटपणा बदलला की ग्लिसरॉलही वाढवतो-घटवतो.

एकाचे दोन

पॅरामेशिअम मध्यावर आडवा चिमटला जाऊन दोन होतो, डोक्यामागे शेपूट असे. दोघे कडेकडेने चिकटलेले दिसले तर ते विभाजन नव्हे, संयुग्मन आहे. तिथे जनुकद्रव्याची देवाणघेवाण होते, संख्या वाढत नाही. विज्ञान प्रदर्शनातल्या चित्रांत ही गल्लत वरचेवर दिसते.

नीट पाहायचे तर एकटा जीव वेगळा करा. काढा व्हॉटमन क्रमांक १ च्या गाळणकागदातून गाळा. जिवाणू खाली येतात, पॅरामेशिअम वर अडकतो, म्हणजे अन्न असलेले पण पॅरामेशिअम नसलेले पाणी मिळते. त्याचे पाच थेंब खोलगट स्लाइडवर घ्या, बारीक ओढलेल्या ड्रॉपरने एकच पॅरामेशिअम त्यात सोडा आणि एकच आहे ना ते दहाच्या भिंगाने पाहून घ्या. स्लाइड ओल्या टिपकागदासह पेट्री डिशमध्ये झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी २ ते ८ सापडतात. मेलेला नमुना इथे लागत नाही, पण गाळलेल्या पाण्याची रिकामी स्लाइड लागते. तिच्यात काही सापडले तर गाळण नीट झाले नव्हते.

ज्यांवर वाद होतो

विभागत नाही म्हणून पेशी निर्जीव ठरत नाही. माणसाच्या प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नाही, तंतुकणिका (पेशीतली ऊर्जेची केंद्रे) नाहीत, ती कधी विभागणार नाही. तरी सुमारे १२० दिवस ती ग्लुकोज फोडून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ठेवत राहते. आमच्या मते तिला जिवंतच म्हणावे. विषाणूला स्वतःचे पटल राखता येत नाही की ऊर्जा मिळवता येत नाही, म्हणून पेशीबाहेर तो या कसोटीत बसत नाही.

डब्यातले सुके यीस्ट मधल्या खान्यात येते. त्यात काहीच चालू नसते, तरी रचना शाबूत असते आणि पाणी मिळताच काम सुरू होते. नोंदवहीत जिवंत आणि मृत यांच्या जोडीला ‘थांबलेली’ असा तिसरा रकाना आखा. मिथिलीन ब्लू लावायच्या आधी ती भिजवावी लागते, हे त्या रकान्याचे कारण.

कमीत कमी किती सामान लागते, याचे उत्तर २०१६ मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने करून दाखवले. कृत्रिमरीत्या जोडलेल्या ४७३ जनुकांवर एक जिवाणूपेशी वाढली आणि विभागली. त्यांपैकी १४९ जनुके नेमके काय करतात हे तेव्हा कळलेले नव्हते. तुलनेला, आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूची जनुके चार हजारांहून जास्त आहेत.

मांडवी-झुआरी नद्यांच्या काठच्या चिखलात फोरामिनिफेरांची (कवचधारी एकपेशीय जीव) कवचे मिळतात आणि ती पाहून लोक खूश होतात. बहुतेक रिकामी असतात. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचात पाहिलेल्या खोल्याही रिकाम्याच होत्या. कवचात जीव होता का हे पाहायला रोझ बेंगाल हा रंग वापरतात, पण तो प्रथिनांना लागतो. नुकत्याच मेलेल्या जिवाचे प्रथिनही गुलाबी होते, त्यामुळे या रंगाने मोजलेला ‘जिवंत’ आकडा थोडा फुगलेलाच असतो. पॅरामेशिअमसारखा चालता पंप इथे पाहता येत नाही, म्हणून ताज्या चिखलात हळूच बाहेर येणारे त्यांचे छद्मपाद (पायासारखे पेशीचे फाटे) शोधणे जास्त खात्रीचे.

बरणीचे पुढे काय

दर पंधरा दिवसांनी नव्या काढ्यात जुन्याचे १०० मिलिलिटर घातले तर बरणी महिनोन्‌महिने चालते. दोन बरण्या ठेवा, एक बसली तर दुसरी राहते. चतुर्थीच्या सुटीत शाळा बंद असेल तर काढा निम्म्या ताकदीचा करून आडोशाला ठेवा. टाकून द्यायची बरणी तळ्यात किंवा गटारात रिकामी करू नका. तिच्यात पाण्याच्या नऊ भागांना एक भाग घरगुती ब्लीच या हिशेबाने ब्लीच घाला, अर्धा तास थांबा आणि मग मोरीत ओता. काँगो रेडचे उरलेले द्रावण मात्र मोरीत नको. ते लेबल लावलेल्या बंद बाटलीत प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या.